जीप, बोलेरो, थारचं स्टेअरिंग ढिलं वाटतंय? गॅरेजला जाण्याआधी असं तपासा

मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या पट्ट्यात आजही बऱ्याच घरांसमोर जुनी मेजर किंवा कमांडर जीप उभी दिसते. बोलेरो तर गावोगाव आहे. कुठं जिप्सी आहे, आणि अलीकडे थार, जिम्नीही दिसायला लागल्या. शेतरस्त्याला या गाड्या तीस-चाळीसच्या वेगानं चालतात, तेव्हा स्टेअरिंगमधला दोष कळत नाही. तीच गाडी पेशंटला घेऊन संभाजीनगरला निघाली आणि समृद्धीवर चढली, की ८० च्या पुढं डोलायला लागते. चाक इकडून तिकडं फिरवत बसावं लागतं. शेजारून ट्रक गेला की गाडी अर्धा हात सरकते. समृद्धीवर मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे, म्हणजे मागून येणारा त्या हिशोबानं येतो. तिथं आपली गाडी लेनमध्ये सरळ राहत नसेल तर आत बसलेल्या सगळ्यांच्या जिवाचा प्रश्न आहे.

अशा वेळी गॅरेजमध्ये जाऊन बहुतेक जण एकच वाक्य बोलतात, "स्टेअरिंग ढिलं झालंय, बॉक्स टाइट करून द्या." मिस्त्रीही पाना घेऊन स्क्रू आवळून देतो. दोन-चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. कारण बऱ्याच वेळा दोष बॉक्समध्ये नसतोच. तो टाय रॉडच्या टोकात, किंगपिनमध्ये, पाट्याच्या बुशमध्ये, नाहीतर नुसत्या टायरच्या हवेत असतो. नेमकं कुठं आहे ते शोधायला महागडं मशीन लागत नाही. दोन माणसं, जॅक, लाकडी ओंडके, शिंप्याची टेप आणि तासभर वेळ पुरतो.

थोडं ढिलं असतंच, किती ते महत्त्वाचं

आधी आपल्या गाडीत स्टेअरिंग कोणत्या प्रकारचं आहे ते खाली वाकून बघा. चेसिसला बोल्टनं बसवलेला लोखंडी डबा आणि त्यातून खाली आलेला एक हात (त्याला ड्रॉप आर्म म्हणतात) दिसला, तर ते बॉक्सवालं स्टेअरिंग. जुन्या जीप, जिप्सी आणि जिम्नीत असंच आहे. त्याऐवजी आडवी लांब नळी आणि तिच्या दोन्ही टोकांना रबराचे घड्या असलेले बूट दिसले, तर ते रॅकवालं. थारमध्ये रॅक आहे.

बॉक्सवाल्या स्टेअरिंगला मधोमध थोडी मोकळीक कंपनीतूनच असते. शिवाय जुनी जीप, जिप्सी आणि जिम्नी यांचा पुढचा एक्सल अखंड आहे. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्यालाही त्याची जाणीव होते. गाडी उंच आणि टायर जाड. त्यामुळं स्विफ्टसारख्या कारमधून उतरून कोणी जीप चालवली तर त्याला ती ढिली वाटणारच. तो दोष नाही, गाडीची जातच तशी. दोष कशाला म्हणायचं? आधी होती त्यापेक्षा मोकळीक वाढली, किंवा सरळ रस्त्यावर गाडी सतत सावरावी लागते, तर.

मोजायचं असं. गाडी सपाट जागी, चाकं सरळ. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवा, कारण बंद इंजिनवर प्ले उगीच जास्त दिसतो. चाकाच्या कडेला एक दोरा बांधा आणि समोर टेप धरा. एक जण बाहेर पुढच्या टायरकडं बघेल. दुसऱ्यानं बोटानं हळूच चाक फिरवायचं आणि टायर हलायला लागला की थांबायचं. तिथून उलट दिशेला तसंच. दोऱ्यानं दोन्ही टोकांमध्ये जेवढं अंतर कापलं तेवढा प्ले. साधारण ३० मिलिमीटरच्या आत असेल तर काळजीचं कारण नाही. गाडीच्या पुस्तकात आकडा दिला असेल तर तोच धरा. अडीच-तीन इंच निघाला तर मात्र हायवेला जाऊच नका, आधी कारण शोधा.

तक्रार नेमकी कोणती, ते आधी ठरवा

'ढिलं' या एका शब्दात आपण चार वेगळ्या तक्रारी कोंबतो, आणि मग मिस्त्री नको तो पार्ट बदलतो.

चाक फिरवलं पण गाडी उशिरा वळली, मध्येच पोकळ वाटलं, तर तो खरा प्ले. सांधे किंवा बॉक्स. चाकात पोकळपणा नाही, तरी गाडी कधी डावीकडं कधी उजवीकडं भरकटते, तर हवा, टो, कॅस्टर नाहीतर पाटे. कायम एकाच बाजूला ओढते, तर टायर, ब्रेक किंवा अलाइनमेंट. आणि ठराविक वेगाला, समजा ७० ते ९० मध्ये, चाक थरथरतं आणि पुढं-मागं वेग केला की थांबतं, तर बहुतेक वेळा बॅलन्सिंग किंवा वाकडी रिम.

एका बाजूला ओढण्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. आपले रस्ते पाणी निघून जावं म्हणून कडेला उतरते असतात आणि आपण डावीकडून चालतो, त्यामुळं गाडी किंचित डावीकडं जाणं स्वाभाविक आहे. खात्री करायची तर रिकाम्या रस्त्यावर मधोमध चालवून बघा. तरीही ओढत असेल तर पुढचे दोन टायर आपसात बदला. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर हे करू नका. ओढ बाजू बदलून आली तर दोष टायरचा. नाही बदलली तर पाच-सात किलोमीटर ब्रेक न मारता गाडी चालवून थांबवा आणि चारही रिमजवळ हात न्या. हात लावू नका, नुसता जवळ न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर त्याचा ब्रेक धरून बसलाय.

पाना हातात घेण्याआधी

पहिली गोष्ट हवा. गावातल्या पंक्चरच्या दुकानात बरेचदा मीटर नसतो किंवा असला तरी भरवशाचा नसतो. पुढचा एक टायर पाच पौंडानं कमी असला तरी उंच गाडी हायवेला डोलते. चिखलात गाडी निघावी म्हणून हवा कमी केली आणि परत भरायची राहिली, हे तर नेहमीचंच. स्वतःचा छोटा मीटर डिकीत ठेवा. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी, थंड टायरमध्ये मोजा. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं. टायरवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा आहे. तेवढी भरायची नसते.

टायरचं वयही बघा. कडेला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचं रबर कडक होतं, कडेला बारीक चिरा पडतात. बोटांनी टायरच्या पट्ट्यावरून आतून बाहेर आणि बाहेरून आत हात फिरवा. एका दिशेला करवतीसारखे दात लागले तर टो बिघडलाय. जागोजागी खळगे असतील तर शॉकअप, बॅलन्सिंग किंवा बेअरिंगकडं बघा.

दुसरी गोष्ट आपल्या काळ्या मातीची. पावसाळ्यात शेतातून आलेल्या गाडीच्या रिमच्या आतल्या बाजूला चिखल चिकटतो आणि वाळून दगडासारखा होतो. बाहेरून गाडी धुतलेली, चकचकीत. आत मात्र एका जागी किलोभर माती. मग ६०-७० ला चाक असं थरथरतं की वाटावं पुढचा एक्सलच गेला. बॅलन्सिंगला पैसे घालण्याआधी चारही रिम आतून पाण्याचा जोर मारून, खरवडून साफ करा. कितीतरी तक्रारी इथंच मिटतात.

तिसरी, चाकाचे नट. पाना लावून सगळे एकदा ताणून बघा, समोरासमोरचे आवळत.

चौथी, ज्यांच्या गाडीला फोर बाय फोर आहे त्यांनी बघावं की लिव्हर टू-व्हीलवर आलाय का. डांबरी किंवा काँक्रिटच्या कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील लागलेलं राहिलं तर वळताना स्टेअरिंग जड होतं, टायर घासतात आणि गिअरांवर ताण येतो.

दोन माणसांची तपासणी

पूर्ण तपासणीत हीच सगळ्यात कामाची. गाडी सपाट जागी चारही चाकांवर उभी पाहिजे. जॅक लावू नका, कारण वजन पडल्याशिवाय सांध्यांतला ढिलेपणा नीट दिसत नाही. इंजिन बंद, हॅंडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके. एक जण आत बसून चाक थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं असं सारखं हलवत राहील. घड्याळातल्या अकरापासून एकपर्यंत, त्याहून जास्त नाही. दुसरा खाली वाकून, टॉर्च घेऊन बघेल. जे बघायचं ते चाकापासून टायरपर्यंत क्रमानं. प्रत्येक सांध्याला एकच प्रश्न विचारायचा. अलीकडचा भाग हलतोय, तेवढाच आणि त्याच क्षणी पलीकडचा हलतोय का? जिथं अलीकडचा हलतो आणि पलीकडचा थांबून मग हलतो, तिथं दोष. डोळ्यांना कळलं नाही तर सांध्यावर तळहात ठेवा, हाताला 'टक' लागते.

सुरुवात स्टेअरिंगच्या दांड्यापासून. दांडा खाली बॉक्सला मिळतो तिथं क्रॉस किंवा रबरी कपलिंग असतं. क्रॉसचे काटे झिजतात, बोल्ट ढिला होतो. हा बोल्ट निघाला तर चाक हातात फिरत राहील आणि गाडी सरळ जाईल.

मग बॉक्स. वरचा दांडा फिरतोय पण ड्रॉप आर्म थांबून हलतोय, तर प्ले बॉक्सच्या आत आहे. त्याआधी बॉक्स स्वतःच चेसिसवर हलतोय का ते बघा. शेताच्या बांधावरून, नाल्यातून सतत चालणाऱ्या गाडीत बॉक्सचे बोल्ट ढिले पडतात, कधी त्या जागी चेसिसला चीर जाते. चिरेच्या कडेनं गंजाची लाल रेघ दिसते. चीर असेल तर नुसतं वेल्डिंगचं बोट फिरवून भागत नाही. आतून पट्टी मारून, माहीतगार माणसाकडूनच काम करून घ्या.

ड्रॉप आर्मपासून पुढं ड्रॅग लिंक. जुन्या विलीज पद्धतीच्या जीपमध्ये मध्ये एक कोनात वळलेला हात असतो, त्याला बेलक्रँक म्हणतात. तो एका पिनेवर फिरतो. ग्रीस न मिळाल्यानं त्याची पिन आणि बुश खाऊन जातात. तो हात फिरण्याऐवजी वर-खाली डुगडुगत असेल तर तुमच्या स्टेअरिंगचा अर्धा ढिलेपणा तिथं आहे, आणि बॉक्स कितीही आवळला तरी तो जाणार नाही.

शेवटी टाय रॉडची टोकं. रबराचा बूट फाटलाय का बघा. बूट फाटला की पाणी, चिखल, वाळू आत जाते आणि सांधा लवकर झिजतो. नाल्याच्या पाण्यातून रोज गाडी नेणाऱ्यांना हे फार लवकर होतं. सांधा हातानं धरून वर-खाली दाबा. तो फिरायला मोकळा असावा, पण वर-खाली खळखळ नको. नटातून गेलेली स्प्लिट पिन आहे का, आणि ती खरंच स्प्लिट पिनच आहे का, तेही तपासा. तार किंवा खिळा वाकवून घातलेला दिसला तर त्याच दिवशी बदला. ही पिन काही रुपयांत मिळते, आणि सगळं पुढचं चाक तिच्या भरवशावर असतं.

रॅकवाल्या गाडीत बॉक्स, बेलक्रँक नसतात. तिथं रॅक चेसिसला जिथं रबरी बुशांनी धरलाय ते बुश बघा. मग दोन्ही टोकांचे घडीचे बूट बोटांनी दाबून आतल्या सांध्याची टक लागते का ते चाचपा. बूट ओला किंवा तेलकट असेल तर रॅकचं सील गेलंय.

चाक उचलून बघा

आता जॅक. जॅकवर उचललेल्या गाडीखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर शिरू नका. स्टँड नसेल तर जाड लाकडी ओंडके रचा. दगड किंवा विटा नकोत, त्या फुटतात. अखंड एक्सल असेल तर एक्सलखाली उचला. आर्मवाली गाडी असेल आणि स्प्रिंग किंवा टॉर्शन बारचा भार लोअर आर्मवर असेल, तर जॅक लोअर आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जवळ लावा. तरच बॉल जॉइंटवरचा दाब जातो आणि प्ले दिसतो.

चाक वर-खाली, म्हणजे बारा आणि सहावर धरून आत-बाहेर ढकला. प्ले लागला तर आतल्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा आणि पुन्हा ढकला. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला, तर तो चाकाच्या बेअरिंगचा. राहिला, तर किंगपिन किंवा बॉल जॉइंटचा. ही युक्ती सोपी आहे आणि हजारोंचा खर्च चुकीच्या पार्टवर होण्यापासून वाचवते. नंतर तीन आणि नऊवर धरून हलवा. इथं प्ले असेल तर टाय रॉडची टोकं पुन्हा बघा.

बेअरिंग आवळायचं ते मोजकंच. पूर्ण कसून ठेवलं तर तापून जळतं. चाक फिरवत आवळायचं, मग थोडं सोडून लॉक करायचं. किंगपिनचं काम लेथवाल्याकडं जातं, बुश बसवून रीमर मारावा लागतो. फोर-व्हीलवाल्या जुन्या जीपमध्ये तिथं बेअरिंग आणि शिम असतात, जाडी मोजून बसवाव्या लागतात. दोन्ही कामं घाईत करून देणारा मिस्त्री टाळा. फार घट्ट बसवलेल्या किंगपिनमुळं स्टेअरिंग वळल्यावर आपोआप परत येत नाही, आणि मग सरळ रस्त्यावरही गाडी भरकटते.

बॉक्सचा स्क्रू सगळ्यात शेवटी

वरचं सगळं ठीक निघालं आणि प्ले फक्त बॉक्सच्या आत दिसला, तरच स्क्रूला हात लावायचा. बॉक्सच्या आत गिअर मधोमध, म्हणजे चाकं सरळ असताना, सगळ्यात घट्ट बसतील अशी रचना असते. बाजूला वळल्यावर थोडे मोकळे होतात. कोणी चाकं वळलेली असताना स्क्रू आवळला तर सरळ आल्यावर बॉक्स अडकतो. म्हणून चाकं सरळ, ड्रॅग लिंक सोडलेली, आणि स्क्रू एका वेळी फेऱ्याच्या आठव्या भागाएवढाच. प्रत्येक वेळी चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघायचं. मध्ये जड लागलं किंवा खरखर आली तर परत सोडायचा.

जास्त आवळलेला बॉक्स ढिल्या बॉक्सपेक्षा वाईट. चाक मधोमध चिकटून बसतं, ड्रायव्हर थोडं फिरवायला जातो आणि ते झटक्यात जास्त फिरतं. हायवेला हेच धोक्याचं. शिवाय आतले गोळे आणि खाचा लवकर खराब होतात. बॉक्समधलं तेलही बघा. गळून कोरडा पडलेला बॉक्स नुसता आवळून सुधारत नाही.

पाटे आणि गाडीची मागची बाजू

लोक फक्त पुढचं बघतात. गाडी मागूनही वळते. बोलेरोला मागं पाटे आहेत, जुन्या जीपला आणि जिप्सीला पुढंमागं दोन्हीकडं. शॅकलचे बुश झिजले, यू-बोल्ट ढिले झाले किंवा पाट्याचा मधला बोल्ट तुटला, की एक्सल पाट्यावर सरकतो. मग स्टेअरिंग कितीही नवं असलं तरी हायवेला मागची बाजू पोहल्यासारखी वाटते. गतिरोधकावरून गेल्यावर गाडी शेपटी हलवते.

ओळखायचं कसं? सपाट जागी चाकं सरळ ठेवून पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लावा. डावी-उजवीकडं सेंटीमीटरभर किंवा जास्त फरक आला तर एक्सल सरकलाय. नंतर एकानं गाडी बाजूनं ढकलून डोलवायची, दुसऱ्यानं शॅकल बघायचे. पाटा आणि शॅकलमध्ये आडवं अंतर उघडमिट होत असेल तर बुश गेले. बुश स्वस्त असतात, पण जुन्या पिना काढताना मिस्त्रीचा घाम निघतो, म्हणून ते काम तो टाळतो.

वजनाचंही तसंच. मागं सोयाबीनची पोती रचली किंवा दहा-बारा माणसं कोंबली, की मागचे पाटे बसतात आणि पुढची बाजू हलकी होते. पुढच्या टायरवर भार कमी म्हणजे पकड कमी. रिकामी गाडी नीट चालते आणि भरली की स्टेअरिंग हलकं-हलकं वाटतं, तर पार्ट बदलू नका. ओझं उतरवा, आणि जे ठेवायचं ते मागच्या एक्सलच्या पुढं ठेवा.

उंच केलेली, रुंद टायरची गाडी

पोरांना थार, जिप्सी उंच करायची हौस आहे. दिसायला छान, पण हिशोब वेगळा. सायकलचा पुढचा चिमटा जसा थोडा पुढं झुकलेला असतो म्हणून हात सोडला तरी सायकल सरळ जाते, तसाच गाडीच्या किंगपिनचा किंवा बॉल जॉइंटच्या रेषेचा मागं झुकाव असतो. त्याला कॅस्टर म्हणतात. लांब शॅकल घातले, पाट्याखाली ठोकळे घातले, की एक्सलचा कोन बदलतो आणि कॅस्टर कमी झाला तर गाडी सरळ राहायचं विसरते. पाटेवाल्या गाडीत एक्सल आणि पाट्यामध्ये पाचर बसवून तो परत आणता येतो. जुन्या थारला पुढं टॉर्शन बार आहे. तो आवळून गाडी उचलली की चाकाचे सगळे कोन बदलतात. अलाइनमेंट न करता तशीच चालवली तर टायर आतून खाऊन टाकते, आणि बॉल जॉइंट, ड्राइव्ह शाफ्टचे बूट लवकर जातात.

बाहेर निघालेल्या रुंद रिम आणि चाकाखालचे स्पेसर यांनी प्रत्येक खड्ड्याचा झटका स्टेअरिंगवर जास्त येतो, बेअरिंगवरही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत परवानगीशिवाय बदल करण्यावर बंधन आहे. पासिंगला अडचण येते आणि अपघात झाला तर विम्यात वाद निघतो. मड टायरचे मोठे ठोकळे काँक्रिटवर वळवळतात, त्यानंही चाक मऊ वाटतं. गाडी महिन्यातून दोनदा शेतात आणि रोज डांबरीवर जात असेल तर साध्या नक्षीचे टायर बरे.

टोचा अंदाज घरी घेता येतो. दोन्ही पुढच्या टायरच्या मधल्या रेषेवर, हबच्या उंचीला, खडूनं खूण करा. पुढच्या बाजूनं खुणांमधलं अंतर मोजा. गाडी अर्धा फेरा पुढं ढकला म्हणजे त्याच खुणा मागं येतील, पुन्हा मोजा. बहुतेक जुन्या जीपमध्ये पुढचं अंतर किंचित कमी पाहिजे, काही मिलिमीटरनं. पुढचं जास्त निघालं तर गाडी भरकटणार. नेमका आकडा पुस्तकातला, आणि शेवटचं काम मशीनवर. अखंड एक्सलच्या गाडीत अलाइनमेंटवाला फक्त टो बदलू शकतो. कॅम्बर-कॅस्टर 'सेट केलं' असं कोणी सांगितलं तर कसं केलं ते दाखवायला लावा.

चालत्या गाडीत चाकं थडथडायला लागली तर

अखंड एक्सलच्या गाडीत हे होतं. ६०-७० ला एखादा खड्डा किंवा पुलाचा सांधा लागतो आणि पुढची दोन्ही चाकं जोरात डावी-उजवी थडथडायला लागतात, स्टेअरिंग हातातून सुटेल असं वाटतं. घाबरून जोरात ब्रेक मारू नका, वेगही वाढवू नका. दोन्ही हातांनी चाक घट्ट धरा, अंगठे चाकाच्या आत अडकवू नका. अॅक्सिलरेटर सोडा, हलका ब्रेक देत वेग उतरवा, इंडिकेटर लावून डावीकडं कडेला घ्या. वेग बराच कमी झाला की ते थांबतं.

एकदा झालं म्हणजे परत होणार. पूर्ण पुढची बाजू तपासल्याशिवाय ती गाडी हायवेला नेऊ नका. कारणं वर आलीच आहेत. ढिले किंगपिन, झिजलेली टोकं, शॅकलचे बुश, बिघडलेला कॅस्टर, बॅलन्सिंग. जिम्नीत एक्सलला आडवं धरणारा रॉड असतो, त्याचे बुश आणि बोल्टही बघा. बरेच जण स्टेअरिंग डँपर, म्हणजे स्टेअरिंगचा शॉकअप, नवा टाकून मोकळे होतात. डँपर खराब असेल तर बदलावा, पण नुसता तोच बदलल्यानं थडथड दबते, दोष तिथंच राहतो आणि वाढत जातो.

मिस्त्रीला काय सांगायचं

"बॉक्स टाइट करा" हे सांगू नका. कोणत्या वेगाला, रिकाम्या का भरल्या गाडीत, सरळ का वळणावर, ब्रेक मारताना का तसंच, एवढं सांगा. घरी काय सापडलं तेही सांगा. मोबाईलवर सांध्याची टक व्हिडिओत घेतली तर दाखवा. जुना पार्ट परत मागा आणि हातानं हलवून बघा. टाय रॉडची टोकं नवी टाकली की अलाइनमेंट लागणारच, तो खर्च आधीच धरा. कोणता पार्ट आधी बदलायचा असा प्रश्न असेल, तर जो निखळला की चाक सुटं होतं तो आधी. म्हणजे बॉल जॉइंट, टाय रॉडची टोकं, दांड्याचा क्रॉस. बुश, शॉकअप त्यानंतर.

ग्रीसचे निप्पल असलेल्या गाडीला पावसाळ्यात पाण्याचिखलातून जाणं झालं की लगेच ग्रीस मारा, जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत. निप्पल चिखलानं बंद असेल तर बदलून घ्या, दहा-वीस रुपयांचं काम आहे. एक्सल, पाटे किंवा चाक उघडून काम झालं असेल तर शंभरेक किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट आणि चाकाचे नट पुन्हा एकदा आवळून घ्या. नवीन बसवलेले पाटे आणि बुश थोडे बसतात, आणि पहिल्या दिवशी कसलेला नट तेवढाच कसलेला राहत नाही.